राहुट्या उतरल्यावरचं शौर्य

लेखकानं धाडसी जरूर असावं, पण हिशेब मिटल्यावर. जे. के. रोलिंगबाईंनी हा धडा घालून दिला. हॅरी पॉटरचा सातवा, शेवटचा भाग २१ जुलै २००७ ला विक्रीला आला आणि त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यातले डम्बलडोर गुरुजी समलिंगी आहेत. टाळ्या पडल्या. सात पुस्तकांत हा शब्द काही सापडत नाही. केवढा संयम!

आमच्या नारायणगावच्या तमाशाच्या फडांना हे जमायचं नाही. पाडव्याला राहुट्या लागतात, जुन्नर-आंबेगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, आणि गण संपतो न संपतो तोच गवळणीत मिशीवाली मावशी नऊवारी सावरत हजर! (सोंग वेगळं, कल वेगळा, मान्य. पण इतका उघडा कारभार?)

यापुढे वग नेहमीचाच करावा. राजा, राणी, प्रधान. कनात उतरली, पैसे मोजले, ट्रक मंचरच्या पुढे गेला, की कर्ण्यावरून पुकारावं, "मंडळी, कालचा राजा प्रधानावर मरत होता!"

"मग वगात का नाही दाखवलं?" कुणी आडमुठा विचारेलच.

त्याला अदबीनं सांगावं, "दाखवलं होतं की. तुमचं लक्ष राणीकडं होतं."