घरात जपानी सुरी आल्यास

कलम १. पेटी उघडताना कुटुंबातील सर्वांनी हातची कामे टाकून हजर राहावे. यजमान सांगतील की सुरी ओसाकाजवळच्या साकाईची आहे. तिथे पाते घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा आणखी वेगळा. माहिती खरी आहे, ऐकून घ्यावी. गॅसवरच्या दुधाकडे मात्र आपणच बघावे.

कलम २. पहिली चाचणी कागदावर होते. विजेचे बिल आधीच लपवावे. पुढची टोमॅटोवर. आता खरे सांगायचे तर पाते नुसते टेकवले आणि साल उघडली, दाबावे लागलेच नाही. कांदाही कमी झोंबतो, कारण तो चेंगरत नाही, कापला जातो. हे मी यजमानांना अजून बोललेले नाही.

कलम ३. हाडे, नारळ, गुळाची ढेप, फ्रीजरमधले काहीही: निषिद्ध. सुरीच्या या शिरोगामी नावाच्या पोलादाची कठीणता रॉकवेलच्या मापावर ६०च्या पुढे. इतके कठीण पाते वाकत नाही, त्याचा टवका उडतो. शिवाय ते गंजते. लिंबू चिरून सुरी तशीच ठेवली की संपले. निळसर-काळा थर आला तर घाबरू नये, तो पॅटिना, तो पोलादाला जपतो. तांबूस दिसला तर गंज, आणि तो सासूबाईंमुळे आला असे गृहीत धरले जाते. सासूबाईंच्या विळीवर तोच काळा थर वर्षानुवर्षे आहे. त्याचे कौतुक करायला आजवर कोणी पाहुणे बोलावले नाहीत. त्यांनी सुरीकडे बघून एवढेच विचारले, "हिच्यावर काकडी चोचवता येते का रे?" यजमान गप्प.

कलम ४. ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापू नये. लाकडी पाट घ्यावा.

कलम ५. रविवारी धार. धारेचा १००० ग्रिटचा दगड पाण्यात भिजत पडतो, म्हणून त्या सकाळी आंघोळीची बादली मागू नये. पाते साधारण १५ अंशांत धरून घासायचे. पलीकडच्या कडेला बोटाला खरखर लागली की बाजू बदलायची. रस्त्यावर धारवाल्याची हाक आली की हे सुरी कपाटात ठेवून येतात. कोरड्या चाकावर पाते तापले तर पोलादाचे पाणी उतरते, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण तो गरीब आमच्याकडे फक्त कात्री मागायला आलेला असतो.

कलम ६. एक मान्य करायला हवे: संध्याकाळची कोशिंबीर आता हेच चिरतात, न सांगता, आणि छान चिरतात. सुरी लगेच धुतात, पुसतात, खोबरेल लावून ठेवतात. बाकीची भांडी कारखान्यात बनलेली असल्याने ती माझ्याकडे.