त्याज्यकार्डनिर्णय

एकादशी आज धरावी की उद्या, ग्रहणात शिजलेले अन्न ठेवावे की टाकावे, असा वाद मराठी घरात पेटला की अखेरीस ज्या ग्रंथांकडे बोट दाखवतात, त्यांतला ‘निर्णयसिंधु’ कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीत पुरा केला. घराणे मूळचे पैठणचे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट हे त्यांचे पुतणे. एवढ्या मोठ्या सिंधूत क्रेडिट कार्डाविषयी मात्र थेंबभर मजकूर नाही. भारतात बँकेचे पहिले क्रेडिट कार्ड सेंट्रल बँकेने १९८० मध्ये काढले, तेव्हा भट्टांना दोष देता येत नाही. त्यांच्यानंतरच्या पंडितांनी हे प्रकरण का टाळले, याचा जाब मात्र विचारायला हवा.

ही उणीव भरून काढायला ब्रह्मा घाटाइतके सोयीचे स्थान नाही. पेशव्यांना पूज्य असलेले नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात काशीत स्थायिक झाले आणि ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा घाट या पट्ट्यात मराठी वाडे उभे राहू लागले. काशीत शास्त्र आणि सावकारी पूर्वीपासून शेजारी. यात्रेकरू रोकड कमरेला बांधून वाटमारीला आमंत्रण देण्यापेक्षा हुंडी आणत. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरल्या दिवशी, आणि मधली हुंडणावळ सावकाराची. आजच्या बँकांनी त्यात भर घातली ती एवढीच की, हुंडणावळ देणाऱ्यालाच पॉइंट मिळाल्याचे अभिनंदन कळवायचे.

कोणते कार्ड घ्यावे हे सांगणारे रोज फोन करतातच. म्हणून येथे फक्त कोणते घेऊ नये, याचा निर्णय.

अधिकारनिर्णय

प्रत्येक कर्माला अधिकारी लागतो; कार्डालाही लागतो. बँकेच्या लेखी अधिकारी म्हणजे ज्याच्याकडे पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र आहे तो. दक्षिणा, शिधा आणि यजमानाने हातात दिलेले पाकीट यांवर चालणारे घर कितीही सुखवस्तू असो, त्या हिशेबात बसत नाही. अशा गृहस्थाने पगारदारांसाठीचे कार्ड मागणे हे पहिले निषिद्ध कर्म.

नकाराने फक्त मान खाली जाते असे नाही. प्रत्येक अर्जामागे बँक पतमापन संस्थेकडे चौकशी करते आणि त्या चौकशीची नोंद अर्जदाराच्या अहवालात उमटते. चार बँकांनी एका महिन्यात चौकशी केली की पाचवीला वाटते, माणूस पैशासाठी कासावीस झालेला आहे. मग ३०० ते ९०० च्या पट्टीवरचा आकडा खाली सरकतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र काही घटत नाही. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आधी तो वाचावा, मग अर्ज. कार्ड हवेच असेल तर मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड आहे. तेथे बँक पगारपत्रक सहसा विचारत नाही, कारण तारण तिच्याच तिजोरीत असते.

स्थाननिर्णय

कार्डाच्या जाहिरातीत एक माणूस असतो. तो मोटारीतून उतरतो, विमानतळावरच्या लाउंजमध्ये कॉफी पितो आणि संध्याकाळी मॉलमध्ये पिशव्या घेऊन हसतो. सगळ्या सवलती त्याच्या दिनचर्येवर बेतलेल्या असतात. वार्षिक शुल्क मात्र अर्ज करणाऱ्याच्या नावावर पडते. म्हणून सवलतींची यादी हाती घेऊन स्वतःच्या गल्लीतून एकदा चालत जावे.

पेट्रोल कार्ड: ब्रह्मा घाटाच्या गल्लीत मोटार शिरत नाही. मैदागिन चौकापर्यंत पायी, पुढे ई-रिक्षा. पेट्रोलवरच्या अधिभारात १ टक्का माफी मिळवण्यासाठी आधी गाडी आणि मग ती ठेवायला जागा घ्यावी लागेल. त्याज्य.

लाउंज कार्ड: बाबतपूरचा विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. वर्षातून एकदा लेकीकडे पुण्याला जाणाऱ्याने एका फुकट उपम्यासाठी ५,००० रुपये शुल्क आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये भरणे हे अन्नदान खरे, फक्त दाता आणि याचक एकच. त्यात अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंजचे दार उघडेल, अशी अट घातली आहे. त्याज्य.

परदेशप्रवास कार्ड: काशीकराचा परदेश बहुधा पशुपतिनाथाच्या वाटेवर असतो. नेपाळात साधे कार्ड वापरले तर परकीय चलनाचे सुमारे ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी पडू शकतो, म्हणजे लाखामागे ४,१३० रुपये. हा आकार माफ करणारी कार्डे आहेत. पण त्यांचे वार्षिक शुल्क आणि यात्रेचा खर्च शेजारी शेजारी लिहून पाहावा. पाच वर्षांतून एका यात्रेसाठी त्याज्य.

राहिले यूपीआयला जोडता येणारे रुपे क्रेडिट कार्ड. ही सोय २०२२ पासून आहे. कचोरीवाल्याने दुकानाच्या नावाने क्यूआर घेतला असेल तर तेथे ते चालू शकते. नावाड्याच्या नावेवर चिकटवलेला क्यूआर त्याच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर चालत नाही. हे कार्ड त्याज्य नाही, ग्राह्यही नाही. रोज कोणाकोणाला पैसे देतो याची यादी करून ज्याने त्याने ठरवावे.

तिथिनिर्णय

कार्डाला दोन तिथी असतात: बिल निघण्याची आणि पैसे भरण्याची. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ हे ऐकायला गोड, पण ते पन्नास दिवस बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी करणाऱ्याला. बिलाच्या आदल्या दिवशी खरेदी करणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम वीस. आणि मागची बाकी राहिली असेल तर एकही नाही: नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

स्मार्त एकादशी हुकली तर दुसऱ्या दिवशी भागवत एकादशी कधीकधी तरी सापडते. रिझर्व्ह बँकेनेही अशी तरतूद ठेवली आहे. थकबाकी तीन दिवसांहून जास्त लांबली तरच विलंबशुल्क लावता येते. शिवाय बिलाचे चक्र किमान एकदा बदलून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. पेन्शन एक तारखेला आणि पैसे भरायची तिथी अठ्ठावीसला, अशी कुंडली असेल तर चक्र बदलून घ्यावे. बदलून देत नसतील तर ते कार्ड त्याज्य.

फलश्रुती

व्रताच्या पोथीत फलश्रुती शेवटी येते, कार्डाच्या माहितीपत्रकात सुरुवातीला आणि मोठ्या अक्षरात. म्हणून हे पत्रक मागून वाचावे. शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांत महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के असा आकडा दिसेल. वर्षाचे ते ४२ ते ४५ टक्के होतात.

समजा, २०,००० रुपये थकले. ३.७५ टक्क्यांनी महिन्याचे व्याज ७५०, त्यावर जीएसटी १३५, मिळून ८८५. ‘किमान देय’ ५ टक्के धरले तर १,०००. म्हणजे हजार भरून मुद्दल ११५ रुपयांनी हलले. दुसरीकडे पॉइंटांचे मोल खर्चाच्या १ टक्का धरले, तर हे ८८५ रुपये परत मिळवायला ८८,५०० रुपयांची खरेदी करावी लागते. कार्डावरून रोख काढणे हे याहून मोठे पातक. १०,००० काढले की किमान ५०० शुल्क, त्यावर ९० जीएसटी, आणि व्याज त्याच दिवसापासून. महिनाभरात हजार रुपये गेले.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे आयोगाच्या जुन्या निर्णयाचे कात्रण देवघरात जपून ठेवलेल्यांनी ते आता रद्दीत द्यावे.

ऋणप्रकरण

खर्चाची मर्यादा मोठी मिळाली म्हणून हुरळणाऱ्यांसाठी एक उदाहरण. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेतल्या राजेरजवाड्यांनी त्यांचा मोठा सन्मान केला. चिरंजीवांची पत उत्तर हिंदुस्थानात एवढी होती. घरी मात्र फौजेच्या खर्चापायी कर्जाचे डोंगर. धनकोंमध्ये धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी होते. ते गुरू होते आणि व्याजाने पैसेही देत. सावकारांच्या पाया पडता पडता आपले कपाळ सोलवटले, अशा आशयाची कैफियत बाजीरावांनी याच स्वामींना लिहिली. वसुली करणाऱ्याकडेच वसुलीची तक्रार करण्याची सोय आजच्या ग्राहक सेवा केंद्रानेही निष्ठेने जपली आहे.

‘लाइफटाइम फ्री’ कार्डाचा विचार काशीत जास्त काळजीने करावा लागतो, कारण येथे कित्येक जण लाइफटाइम संपवायलाच येतात. काशीत देह ठेवल्याने जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका होते, अशी श्रद्धा आहे. थकबाकीतून होत नाही. बँक मृताच्या मालमत्तेतून वसुली मागू शकते. वारसांना मात्र वारशाने आलेल्या मालमत्तेपलीकडे स्वतःच्या खिशातून भरावे लागत नाही. घरात पुरवणी कार्ड काढले असेल तर नातवाने मागवलेल्या बुटांचे बिलही मुख्य कार्डधारक आजोबांच्याच नावावर. आजोबांना हे बूट ठाऊक नसतील तर पुरवणी कार्ड त्याज्य.

उद्यापन

चुकून कार्ड आलेच तर काय? रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे न मागितलेले कार्ड पाठवायला बंदी आहे. संमतीशिवाय पाठवून बिल लावले तर बँकेने आकार परत करायचा आणि वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. मागवलेले कार्ड तीस दिवसांत सुरू केले नाही तर बँकेला ओटीपीने संमती मागावी लागते. ओटीपी दिला नाही की सात कामकाजाच्या दिवसांत खाते विनाशुल्क बंद. तेव्हा फोनवरच्या गोड आवाजाला ओटीपी सांगणे हे या प्रकरणातले शेवटचे निषिद्ध कर्म.

कार्ड चालू असेल तर सगळी बाकी फेडून बंद करण्याची विनंती लेखी करावी. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे. नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. कार्डाचे तुकडे करून ते गंगेत सोडू नयेत. प्लास्टिकला तेथे सद्गती नाही आणि तुकड्यांनी खाते बंद होत नाही. बंद झाल्याचे पत्र मागून घ्यावे आणि दोनेक महिन्यांनी पतअहवाल पुन्हा उघडावा. खात्यापुढे अजून ‘चालू’ दिसत असेल तर बँकेकडे तक्रार करावी. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे दक्षिणा पडत नाही.