बोला, पण गाऊ नका

"हलका व्यायाम चालू ठेवा, जमेल तितका." अँजिओप्लास्टीनंतर घरी सोडताना डॉक्टर एवढंच म्हणतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच असतं. पण माझी उभी नोकरी ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कार्यालयात, गेली. 'हलका' म्हणजे किती, कुठल्या नियमाखाली आणि मोजला कुणी, हे विचारल्याशिवाय माझ्या टेबलावरून कागद पुढे सरकलेला नाही. 'जमेल तितका खर्च' असं कुणी व्हाउचरवर लिहिलं असतं तर ते व्हाउचर लाल शाईनं न्हाऊन परत गेलं असतं.

डॉक्टरांनी मोकळी सोडलेली जागा भरून काढायला हरिशंकरपुरम समर्थ आहे. झाशी रोडच्या बाजूची ही आमची कॉलनी निवृत्तांनी भरलेली, आणि सकाळच्या पार्कात निवृत्तांचा मुख्य विषय हृदय हाच. पहिल्या दिवशी बाकावर टेकलो तर शेजारच्या भाईसाहबांनी विचारलं, "कितने छल्ले पड़े?" स्टेंटला इथे सगळे छल्लाच म्हणतात. म्हटलं, "एक." ते "बस?" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. तीन छल्ल्यांना बाकावर जागा मिळते आणि बायपासवाल्याला उठून जागा दिली जाते. एक छल्लावाला उभाच राहतो. त्यातही व्यायाम झाला म्हणायचा.

सल्ले मात्र सगळ्यांना फुकट आणि सारखे मिळतात. एकजण म्हणाले, घाम येईपर्यंत चाला. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि वर्तमानपत्र उघडलं तरी घाम येतो. दुसरे म्हणाले, आपण तर महिन्याभरात उरवाईच्या चढानं किल्ला गाठला होता. तिसऱ्यांचं मत, जिन्याला हातसुद्धा लावू नका. तिघंही धडधाकट समोर उभे होते, त्यामुळे पुराव्याच्या बाबतीत बरोबरी झाली.

मग मी आकड्यांकडे वळलो. पुण्याच्या चिरंजीवांनी मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं होतंच. 220 मधून वय वजा करायचं, येईल तो हृदयाचा कमाल वेग, आणि त्याच्या अमुक टक्क्यांत राहायचं, हे सूत्र जगभर चालतं. मला ते फार आवडलं, कारण त्यात वजाबाकी आहे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेटोप्रोलॉलही होती. ही बीटा ब्लॉकर गोळी म्हणजे हृदयावर बसवलेला कडक हेडक्लार्क. अर्ज कितीही येवोत, दिवसाला ठरलेलेच निकाली निघणार. सपाटीवर मी दमून भिंतीला टेकलो तरी घड्याळ शांतपणे 88 दाखवायचं. गोळी घेणाऱ्याला 220 चं सूत्र लागू नाही. त्याची मर्यादा गोळी चालू असताना केलेल्या टीएमटीवरून, म्हणजे पट्ट्यावर चालवून घेतलेल्या चाचणीवरून, काढतात. तोवर बसल्या जागचे ठोके मोजून त्यावर वीस, फार तर तीस चढू द्यायचे, असा हातचा ठोकताळा पुष्कळ ठिकाणी वापरतात.

घड्याळाचा खरा उपद्रव वेगळाच. ते फोनला जोडलेलं आणि फोन पुण्याला. मी जिन्यावर असलो की चिरंजीवांचा फोन यायचा, "बाबा, शंभरच्या वर गेलाय, काय करताय?" तो उचलायला घाईनं वर चढलं की एकशे दहा. "बाबा, वाढतायत!" आणि मग मुलाला ओरडल्यामुळे पुढचे. तिसऱ्या फोननंतर हिनं घड्याळ काढून कपाटात तिच्या बांगड्यांशेजारी ठेवलं. दोन दिवस चिरंजीवांना वाटत होतं की बाबा अगदी विश्रांती घेताहेत.

आकडा हवाच असेल तर आतला घ्या, असं सांगणारा एक स्वीडिश मानसशास्त्रज्ञ होऊन गेला, गुन्नार बोर्ग. त्यानं श्रमाची पट्टी केली, सहापासून वीसपर्यंत. सहा म्हणजे आरामखुर्ची, वीस म्हणजे आता यापुढे नाही. मधले आकडे माणसानं स्वतःच द्यायचे. सुरुवात सहापासूनच का, हा माझा आक्षेप तयार होता, पण खुलासा समाधानकारक निघाला. निरोगी तरुण माणसाच्या बाबतीत त्या आकड्याला दहानं गुणलं की साधारण त्याचे ठोके येतात. गोळीवाल्यानं गुणाकार सोडून द्यायचा आणि आकडा तेवढा ठेवायचा. अकरा म्हणजे हलकं, तेरा म्हणजे जरा जड. हृदयवाल्यानं सुरुवातीला या दोहोंच्या दरम्यान रमावं, पंधराकडे बघू नये.

आता मराठी माणसाला विचारून बघा, किती त्रास होतोय? त्याच्याकडे उत्तरं दोनच, 'काही नाही, ठीक आहे' आणि 'मेलो'. मधल्या तेरा पायऱ्यांसाठी आपल्याकडे शब्दच नाहीत. पहिल्या आठवड्यात आमचा संवाद असा चाले. "अहो, किती?" "ठीक." "ठीक हा आकडा नाही." "बरं, बारा." "मघाशी चढावर पण बारा, आता सपाटीला पण बारा?" ऑडिट मी आयुष्यभर इतरांचं केलं. घरात त्याची इतकी तयारी आहे हे निवृत्तीनंतर कळलं.

हे आकडे ती 'कालनिर्णय'च्या चौकटीत लिहायची. त्याच चौकटीत दुधाचा हिशेबही असतो. महिनाअखेर दूधवाल्यानं कॅलेंडर पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले, "अम्माजी, पंद्रह तारीख को तेरह लीटर?" तेरा लिटर नव्हे, तो साहेबांचा दम, हे त्याला पटवताना मी आतल्या खोलीत बसून चौदापर्यंत पोचलो.

पण या सगळ्यांहून सोपी एक कसोटी आहे आणि तिला ना घड्याळ लागतं ना कॅलेंडर. चालताना सलग दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाता आलं तर वेग कमी आहे, वाक्य मधेच तुटलं तर जास्त आहे. जगात इतरत्र ही कसोटी चालत असेल, पण ग्वाल्हेरात ती लावायची म्हणजे पंचाईत. या शहरात ख्यालाचं घराणं जन्मलं. इथे 1918 साली भातखंड्यांच्या योजनेनं माधव संगीत महाविद्यालय निघालं. याच घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित नव्वदी ओलांडून गेले. आमच्या पार्कात एक निवृत्त गायनमास्तर आहेत. ते सात फेऱ्यांत एका रागाची बढत करतात आणि शेवटच्या फेरीला द्रुत धरतात. तीस वर्षं कमावलेल्या दमाला ही कसोटी काय करणार? त्यांना डॉक्टरांनी म्हणे वेगळाच नियम दिलाय, "तान घेता आली नाही तर थांबा."

तसा अतिश्रमाचा धडा या शहरानं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच देऊन ठेवलाय. शिंद्यांच्या दरबारात गवई बडे मुहम्मद खाँनी डिवचलं म्हणून ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँनी 'कडक बिजली'ची तान घेतली, ती बरगडीला लागली, आणि त्यातच पुढे ते गेले, अशी आख्यायिका इथला प्रत्येक गवई सांगतो. खरी असो की रचलेली, बोर्गच्या पट्टीवर ती तान नक्की वीस होती. शिवाय कुणीतरी बघतंय म्हणून वाढवलेला जोर हेच तिचं मूळ. पार्कात मागून कुणी पुढे गेलं की पाय आपोआप उचलले जातात, तेव्हा मला हस्सू खाँ आठवतात आणि मी त्या माणसाला जाऊ देतो.

माझ्यापुरती गाण्याची चाचणी मी गुणगुणून घ्यायचो. पण माझ्या तोंडी येतात ती तांब्यांची गाणी. भास्करराव तांबे ग्वाल्हेरचे राजकवी, इथेच 1941 साली गेले, त्यांच्यावर आमचा हक्कच आहे. आणि तांब्यांचं म्हणून जे पटकन ओठावर येतं ते नेमकं निरोपाचं. हिनं मधेच थांबवलं. "स्टेंट घालून आणलाय तो हे ऐकायला नाही." तेव्हापासून चाचणीचा फक्त बोलण्याचा भाग शिल्लक राहिला.

त्यातही विषय बघून घ्यावा लागतो हे कुठल्या पुस्तकात नाही. भाजीच्या भावावर मी पूर्ण फेरीभर न थांबता बोलू शकतो. इंदूरचा प्लॉट भावाभावांत कसा वाटायचा हा विषय निघाला की बसल्या जागी वाक्य तुटतं. म्हणून आम्ही ठरवून टाकलं, चालताना फक्त पालेभाज्या.

मेमध्ये लू सुरू झाली आणि चालणं घरात आलं. जाळीच्या दारापासून मागच्या न्हाणीपर्यंत जायचं आणि परत यायचं. हे शतपावलीपेक्षा जरा जोरात आणि जेवणानंतर दीड-दोन तासांनी. पहिली पाच मिनिटं सावकाश, शेवटची पाच त्याहून सावकाश, कारण एकदम थांबलं तर रक्त पायात साठतं आणि चक्कर येते. भाईसाहब मधेच गप्पांना आले तर मी उभ्या जागी पाय हलवत राहतो. त्यांनी दोनदा अदबीनं न्हाणीकडे बोट दाखवलं.

चालण्यापेक्षा घरातली खरी परीक्षा म्हणजे कूलर. उन्हाळ्यात ग्वाल्हेरच्या घरात तो दिवसातून दोनदा भरावा लागतो, आणि नळाला पाणी आलं नसेल तर बादलीनं. वीस लिटरची बादली छातीपर्यंत उचलायची, कूलरच्या अरुंद फटीत तिचा काठ टेकवायचा, आणि पाणी खसवर न सांडता आत जाईपर्यंत तशीच तोलून धरायची. एवढा वेळ माणूस श्वास घेत नाही. दात आवळलेले, मनगट थरथरतंय, कपाळाची शीर टरारलेली. मनगटातून अँजिओप्लास्टी झालेल्याला पहिले काही दिवस त्या हातानं वजन उचलायला मनाई असतेच. पण त्यानंतरही दम कोंडून केलेलं काम रक्तदाब एकदम चढवतं. बोलण्याची कसोटी लावलीत तर बादली हातात असताना शब्दसुद्धा फुटत नाही, म्हणजे निकाल लागलाच. आमच्याकडे आता मग्गानं कूलर भरतात. वेळ लागतो, पण प्रत्येक मग्गागणिक एक वाक्य बोलून होतं.

एका बाबतीत मात्र मी विनोद करत नाही. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घेरी, थंड घाम, यातलं काही झालं की थांबायचं, बसायचं आणि मोठ्यानं सांगायचं. गॅस झालाय म्हणत फेरी पूर्ण करायची नाही. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी खिशात हवी, आणि कळ गेली नाही तर 108. पार्कातल्या तिन्ही पंथांचं यावर एकमत आहे. त्यांचं एकमत झालेली ही आजवरची एकमेव बाब.

परवा टीएमटी झाली. पट्ट्यावर चढवतात, छातीभर तारा चिकटवतात, आणि दर तीन मिनिटांनी वेग वाढतो, चढही वाढतो. दुसऱ्या टप्प्यात मला माझी कसोटी आठवली. शेजारी उभ्या तंत्रज्ञ पोराला मी मेथीच्या जुडीचा भाव विचारला. तो गप्प. मग पालकावर आलो, वाक्य पूर्ण झालं. चवळीवर आलो, तेही झालं. चाकवताला जरा धाप लागली, म्हणून त्याला सांगितलं, "बेटा, तेरह."

त्यानं पडद्यावरून नजर न काढता हात जोडले. "बाबूजी, आप चुप रहिए. बोलने से ट्रेसिंग बिगड़ रही है."

दाराबाहेरून हिचं हसू स्पष्ट ऐकू आलं.