शनिवार-रविवार पाहुणचार नियमावली (कुंभार पिंपळगाव विभाग)

सदर नियमावली पुणे, पिंपरी-चिंचवड व तत्सम ठिकाणी नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आणि 'जरा हवापालट' म्हणून शनिवारी-रविवारी गावाकडे येणाऱ्या सर्व बंधूंना लागू राहील. 'बंधू' या संज्ञेत बंधूंची बायको, दोन मुलं आणि "याला एकदा गाव बघायचं होतं" असं सांगून ऐनवेळी गाडीत घातलेला ऑफिसातला मित्र यांचा समावेश होतो. कोणा एका विशिष्ट बंधूला डोळ्यांपुढे ठेवून ही लिहिलेली नाही. तसं कुणाला वाटलं तर वाटू द्यावं.

प्रथम, गाव शोधणे. मोबाइलच्या नकाशात नुसतं 'पिंपळगाव' टाकू नये. नाशिककडं पिंपळगाव बसवंत आहे, तिथं कांदा मिळेल, आम्ही मिळणार नाही. जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर आहे. आमच्याच जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे. मोबाइलमधल्या बाईला यातलं जे बरं वाटेल तिथं ती नेऊन सोडते. आमचं ते कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी. पुण्याहून नगर, पाथर्डी, गेवराई. शहागडला गोदावरी ओलांडली की आपल्या जिल्ह्यात आलात. वडीगोद्रीला मोठा रस्ता सोडून तीर्थपुरीकडं वळायचं. समृद्धी महामार्गाचा यात काहीही संबंध नाही. तो नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर आहे, जालन्याजवळून जातो, 5 जून 2025 ला त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला, सगळं मान्य. पण निव्वळ "समृद्धीवरून आलो" असं पारावर सांगता यावं म्हणून पुण्याहून शिर्डीकडून वळसा घालणं हा डिझेलचा अपव्यय आहे. पारावरच्या लोकांना समृद्धी ठाऊक आहे. त्यांना तुमचा पगार ऐकायचा असतो.

उसाचा हंगाम चालू असताना, म्हणजे साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, तीर्थपुरीचा रस्ता अंधार पडायच्या आत पार करावा. पुढं दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर असतो, मागं दिवा नसतो आणि टेपवरचं गाणं इतकं मोठं असतं की तुमचा हॉर्न ड्रायव्हरला त्या गाण्यातलाच वाटतो. हा नियम चेष्टेत घेऊ नये.

वाटेतून फोनवर खरं बोलावं. 'नगर सोडलं' याचा अर्थ आमच्या अनुभवानं शिक्रापूर, आणि 'गेवराईत पोचलोच' म्हणजे पाथर्डीत दुसरा चहा. यात बंधूंचं काही जात नाही. इकडं तवा तापवायचा कधी, हे त्या फोनवर ठरत असतं.

आता मुख्य कलम, स्वयंपाक. पाहुण्यानं उच्चारू नये अशी वाक्यं अनेक आहेत, पण सर्वांत घातक एकच: "वहिनी, काही करू नका हं, साधं पिठलं-भाकरी करा."

हे वाक्य म्हणणाऱ्याला वाटतं, आपण मोठी सूट दिली. प्रत्यक्षात तुम्ही पुरी-श्रीखंड मागितलं असतं तर वहिनी सकाळीच मोकळी झाली असती. पिठलं एकदाच होतं. भाकरी माणशी होते, एकेक होते, गरमच लागते आणि करणारीला पंगतीत बसू देत नाही. त्यातून पीठ जुनं असलं की त्याची विरी गेलेली असते. मग आधणाचं पाणी घालून, तळहातानं रगडून रगडून मळावं लागतं, तरी थापताना कडा चिरतात. सगळं पीठ एकदम भिजवून ठेवायची सोय नाही, एकेका भाकरीपुरतंच मळायचं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची, मग आचेला लावून फुगवायची. एवढं झाल्यावर बंधू म्हणणार, "मला अर्धीच दे, डाएट चालू आहे." आणि अर्धी अर्धी करून चार खाणार.

उपकलम: चूल. आमच्या घरी गॅस आहे. दोन शेगड्यांचा आहे, लायटर लावला की पेटतो. रोजचा स्वयंपाक त्यावरच होतो आणि आम्ही तो आनंदानं खातो. तरीही दर भेटीला परसातल्या चुलीवरची पाटी-टोपली काढून ती सारवावी लागते, कारण बंधूंना 'चुलीवरची चव' हवी असते. हमरस्त्यावर प्रत्येक ढाब्याला 'चुलीवरचं' अशी पाटी लागल्यापासून ही साथ वाढली आहे. मागच्या खेपेला ऑफिसातला मित्र मोबाइल रोखून सौ.ला म्हणाला, "वहिनी, जरा धूर येऊ द्या ना." सौ.नं ओली काडी सारली. धूर आला. मित्र बराच वेळ खोकत होता. नियमावलीत या उपायाची शिफारस करता येत नाही, निषेधही करवत नाही.

येसर हा स्वतंत्र विषय आहे. मराठवाड्याबाहेरच्या मित्रासाठी खुलासा: धान्य, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, लाल मिरच्या वेगवेगळं भाजून दळलेलं हे पीठ. लग्नाच्या पंगतीतली आमटी याच्याच जोरावर होते. बंधूंच्या सौभाग्यवती दर खेपेला एक डबा नेतात आणि पुण्यात गेल्यावर "आमची आमटी तशी होत नाही" म्हणून फोन करतात. होणार कशी? उकळत्या पाण्यात येसर टाकला की गाठी होणारच. आधी गार पाण्यात कालवायचा, मग फोडणीच्या पाण्यात सोडून हलवत राहायचं. आणि उकळी येताना शेजारच्या खोलीत सीरियल बघायला जायचं नाही.

आईच्या वाढण्यावर नियम करण्याचा अधिकार या समितीला नाही.

दुपारची झोप झाल्यावर बंधू "जांबला जाऊन येऊ" म्हणतात. जावं. जांब समर्थ आमच्यापासून जवळच, समर्थ रामदासांचं जन्मगाव, जन्म 1608 चा, तोही रामनवमीचा. राममंदिरातल्या मूर्ती ऑगस्ट 2022 मध्ये चोरीला गेल्या होत्या आणि काही आठवड्यांनी सापडल्या, हे ऑफिसातल्या मित्राला सांगावं. तो तेवढा वेळ फोटो थांबवून ऐकतो. या पंचक्रोशीतून जेवणाचं ताट यायच्या आत उठून गेलेला इतिहासात एकच माणूस, आणि तोही स्वतःच्याच लग्नातून, 'सावधान' ऐकून, असं सांगतात. बाकी कुणाला ते जमलेलं नाही. बंधूंनी प्रयत्नही केलेला नाही.

मोसंबीच्या बागेत गेल्यावर फळ ओढून तोडू नये. देठाजवळून कात्रीनं कापावं. ओढलेल्या फळाचं देठाकडचं साल फाटतं आणि ते पिशवीतल्या शेजाऱ्यांनाही सडवतं. रस काढला तर लगेच प्यावा, ठेवला की कडू होतो. आणि "पुण्यात हीच मोसंबी काय भावानं मिळते माहितेय का" हे वाक्य बागेच्या मालकासमोर म्हणू नये. 2012-13 च्या दुष्काळात याच झाडांना त्यानं टँकरनं पाणी घातलं होतं, तरी निम्मी गेली. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. टँकरवाल्यानं त्यावर सूट दिल्याचं ऐकिवात नाही.

रविवारी निघण्याची वेळ तीन ठरली असल्यास ती पाच समजावी. निरोपाचे टप्पे असे: ओसरीत, अंगणात, गाडीच्या दारात, आणि काच खाली करून. आई हातावर दही ठेवते. ते स्टिअरिंगला पुसू नये. डिकी उघडताना "अगं, एवढं कशाला, तिकडं सगळं मिळतं" असं म्हणण्याची प्रथा आहे. म्हणावं. पण डिकी आधीच रिकामी करून, पुसून, खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलेलं असताना हे वाक्य थोडं पडेल आवाजात म्हणावं. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, लोणच्याची बरणी, तूप, येसर. तुपाची बरणी उभी ठेवावी, घाटात आडवी होते. हे मी दर वेळी सांगतो. दर वेळी फोन येतो.

यानंतर डब्यांबद्दल थोडं कडकच बोलणं भाग आहे. रिकामा डबा परत देऊ नये, ही आपली जुनी रीत. पण तिचा अर्थ, त्यात घालायला काही सुचेपर्यंत डबा स्वतःकडंच ठेवावा, असा होत नाही. आमच्या घरात सध्या साखर लोणच्याच्या बरणीत आहे, डाळ आइस्क्रीमच्या डब्यात, आणि शेंगदाणे कुठं आहेत ते सौ.ला विचारायची माझी हिंमत नाही. झाकणांवर बाबांचं नाव कोरलेलं आहे, तेव्हा ओळख पटत नाही ही सबब चालणार नाही. एकदा दोन डबे परत आले, त्यात बाकरवडी होती. चांगली होती. झाकणं मात्र दुसऱ्याच डब्यांची निघाली.

घरी पोचल्यावर, रात्रीचा एक वाजला असला तरी, फोन करावा. आई जागीच असते. मीही असतो, पण ते सांगायचं कारण नाही.

या नियमावलीत एकच सुट्टी, धोंड्याच्या महिन्याची. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे भर उन्हात. तेव्हा चूल आमच्या दाजींच्या नावावर असते: पुरण भरलेले धोंडे, तेहतीस अनारसे, तूप, आणि पंख्याखालची जागा. बंधूंनी त्या महिन्यात इकडं फिरकू नये. तेही कुणाचे तरी जावईच आहेत, त्यांनी आपल्या सासुरवाडीला परतूरला जावं. तिकडच्या मंडळींना ही नियमावली उपयोगी पडेल, मागितली तर एक प्रत पाठवून देईन. फक्त आमचे डबे त्यांच्याकडं गेलेले आढळल्यास त्यांनी ते जावयाच्या हाती परत देऊ नयेत, परतूर-घनसावंगी एसटीच्या कंडक्टरकडं द्यावेत.