उत्तराच्या जागी हशा

ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात मोर्शीचे तेव्हाचे आमदार देवेंद्र भुयार यांनी भरसभेत मुलींची प्रतवारी जाहीर केली. एक नंबरची, म्हणजे देखणी, तुमच्या-माझ्यासारख्याला मिळत नाही, ती नोकरीवाल्याकडे जाते. दोन नंबरची पानठेलेवाल्याला किंवा किराणा दुकानदाराला. आणि उरलीसुरली तीन नंबरची शेतकऱ्याच्या पोराला, असा त्या संशोधनाचा सारांश. अशा घरात जन्मणाऱ्या लेकरांच्या रूपाबद्दलही त्यांनी आगाऊ अंदाज वर्तवला. चित्रफीत राज्यभर फिरली, टीका झाली, आणि वाद नेहमीच्या वळणाने सभ्यतेवर जाऊन थांबला. पुढाऱ्याने कोणाला कोण पसंत पडतं यावर आचरट विनोद करावेत का, हा प्रश्न आला की आपण तो संस्कृतिरक्षणाच्या खात्याकडे वर्ग करतो. तिथे तो दोन दिवस पडून राहतो, मग दिलगिरी येते आणि फाईल बंद होते. माझं म्हणणं असं की खातंच चुकतंय. विनोद कसा होता हे सोडा, तो झाला तेव्हा टेबलावर कोणता प्रश्न उत्तराची वाट पाहत होता ते बघा. पुढारी बायकांवर घसरतो तो बहुतेक वेळा ज्या ठिकाणी उत्तर द्यायचं होतं त्याच ठिकाणी घसरतो.

वरूडच्या वेळी तो प्रश्न काय होता, हे जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत कोणीही सांगेल. (टेंभुर्णी म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला सोलापूरची आठवते. इथे जाफराबाद तालुक्यातली म्हणतोय.) त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात माल त्याच्या खाली जात होता. सरकारी खरेदी केंद्रावर न्यावा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. परतीच्या पावसात भिजलेल्या दाण्याला ही अट म्हणजे घरचा रस्ता दाखवणंच. ती अट १५ टक्क्यांवर आली ती नोव्हेंबरात, निवडणुकीचा धुरळा उडाल्यावर. म्हणजे मोंढ्यात ज्याच्या मालाला दाताखाली चावून, ओंजळीत घोळवून कमी प्रतीचा ठरवलं जातं, त्याच शेतकऱ्याला आमदारांनी सांगितलं की तुझ्या घरी येणारी बायकोही त्याच प्रतीची. भाव का मिळत नाही, हे सांगायला कृषी धोरणाची माहिती लागते. बायको का मिळत नाही, हे सांगायला माइक पुरतो.

आणखी एक गंमत त्याच महिन्यातली. भुयार ज्या अजित पवारांचे समर्थक होते ते तेव्हा गुलाबी जाकीट घालून लाडक्या बहिणींना महिना १,५०० रुपयांची आठवण करून देत फिरत होते. योजनेच्या नियमात वय २१ ते ६५ आहे, कुटुंबाच्या उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे, पण देखणेपणाचा रकाना नाही. म्हणजे सरकारदरबारी सगळ्या बहिणी सारख्याच लाडक्या आणि सभेत मात्र त्यांच्या तीन प्रती. तिसऱ्या प्रतीच्या बहिणीला हप्ता ५०० रुपयांचा करावा, अशी सुधारणा कोणी सुचवली नाही, हा आपल्या प्रशासनाचा मोठेपणा.

भुयारांच्या बाजूने पहिला बचाव असा की ते स्वतःवरच हसत होते. ‘तुमच्या-माझ्यासारख्या’ असं म्हणाले ना? स्वतःवर हसणारा पुढारी दुर्मीळ, त्याला प्रोत्साहन दिलंच पाहिजे. पण त्यांचाच तक्ता त्यांनाच लावून बघू. महाराष्ट्रातल्या आमदाराचं वेतन-भत्ते मिळून महिन्याला दीड लाखाच्या वर जातं, आणि एकदा निवडून आला की पुढे किमान ५० हजारांचं निवृत्तिवेतन आजन्म. जुन्या पेन्शनसाठी सरकारी नोकरांना संप करावा लागतो, आमदाराला नाही. तेव्हा या तक्त्यात आमदार पानठेल्याच्याही वर, पहिल्या ओळीत पहिल्या खुर्चीवर बसतो. शेतकऱ्याच्या पोराच्या खांद्यावर हात टाकून ‘आपण दोघे सारखेच’ म्हणायचं आणि टिंगल फक्त त्याच्या घरातल्या बाईची करायची, याला स्वतःवर हसणं म्हणता येत नाही.

ही एकट्या मोर्शीची गोष्ट असती तर सोडून दिली असती. एप्रिल २०१३ आठवा. मराठवाडा दुष्काळाने करपत होता, जालन्याचा घसा टँकरवर ओला होत होता, आणि धरणाचं पाणी सोडा म्हणून सोलापूरचा एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. प्रश्न पाण्याचा होता. उपमुख्यमंत्री अजित पवारांनी इंदापूर तालुक्यात धरणात पाणीच नाही तर त्यात मुतायचं का, असं जे विचारलं ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणातला दुसरा विनोद लोक विसरतात. रात्री वीज नसल्याने लोकांना दुसरं काम उरलेलं नाही आणि पोरं जास्त होताहेत, असा तो होता. पाणी नाही यावर एक विनोद, वीज नाही यावर एक विनोद: दोन खात्यांची उत्तरं एका भाषणात उरकली. पुढे कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी एक दिवसाचं आत्मक्लेश उपोषण झालं. पाण्यासाठी दोन महिने उपाशी बसलेल्याच्या तुलनेत विनोदाचा हिशेब बराच स्वस्तात मिटला.

टेंभुर्णीच्या आणखी जवळ या. शेजारच्या सिल्लोडचे अब्दुल सत्तार नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याचे कृषिमंत्री होते. विषय खोक्यांचा, म्हणजे पक्षफुटीसाठी पैसे घेतल्याच्या आरोपाचा निघाला. उत्तरात सुप्रिया सुळे यांना शिवी मिळाली. खोकी होती की नव्हती, हे त्या शिवीतून अजूनही कळलेलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बोदवडच्या प्रचारात मंत्री गुलाबराव पाटलांनी रस्त्यांच्या कामाचा पुरावा म्हणून हेमामालिनीचे गाल सादर केले. मोजमाप पुस्तिकेपेक्षा ते सोपं. जालन्याचे तेव्हाचे खासदार रावसाहेब दानवे यांनी मे २०१७ मध्ये तूर खरेदीवरून रडणाऱ्या शेतकऱ्यांना ‘साले’ म्हटलं. तिथे बाई नव्हती, पण पद्धत तीच. आणि हे फक्त आपल्याकडचं वाण आहे असं समजून कोणी अभिमान बाळगू नये. इटलीचे पंतप्रधान सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी एका अल्पवयीन मुलीला सोडवण्यासाठी मिलानच्या पोलिसांना फोन केल्याचं २०१० मध्ये बाहेर आलं. देश उत्तर मागत होता. त्यांनी सांगितलं की समलिंगी असण्यापेक्षा सुंदर मुली आवडणं बरं. स्वतःची आवडनिवड सांगून त्यांनी फोनचा प्रश्न बाजूला सारला, आणि वर समलिंगी लोकांनाही एक लाथ घातली.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. भुयार बोलले ते खरंच आहे, मग राग कशाचा? शेतकऱ्याच्या पोरांची लग्नं खरंच रखडली आहेत. स्वतः शेतकरी असलेला बापही जावई नोकरीवाला शोधतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच तो विनोद जास्त वाईट आहे, कारण त्याने खऱ्या दुखण्याचं निदान चुकीचं केलं. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली महाराष्ट्रात ८९४ होत्या, जालना जिल्ह्यात ८७०, शेजारच्या बीडमध्ये ८०७. ही मुलं २०२५ पासून एकेक करत एकविशी गाठतात, म्हणजे खरी रांग तर आता लागायची आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राने १९९४ मध्ये, आणि तरी आकडे हे. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत त्यांना कोणत्या नंबरात धरायचं, याचं उत्तर आमदारांच्या तक्त्यात नाही. आणि जन्मल्या त्यांनी शेतकरी नवरा नाकारला तर त्यात रूपाचा माज कुठे आला? आईची खुरपणीत गेलेली कंबर आणि बापाचं बँकेचं खातं त्यांनी घरातच पाहिलंय. सातबाऱ्यावर आपलं नाव लागणार नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. पडत्या भावात माल विकायला नकार देणाऱ्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणतो. मुलीने तोच व्यवहार केला की तिचा नंबर लावतो.

विशेष म्हणजे, आमदारांना जे सुचलं नाही ते लग्नाळू पोरांना सुचलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात ज्योती क्रांती परिषदेने नवरदेवांचा मोर्चा काढला. पोरं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली आणि निवेदनात मागणी केली ती गर्भलिंग निदानाचा कायदा कडक राबवण्याची. तोही विनोदच होता, पण त्याच्या पोटात उत्तर होतं आणि त्यात एकाही मुलीचा अपमान नव्हता. उलट बीडमधल्याच परळीत २०२४ च्या विधानसभेला राजेसाहेब देशमुख यांनी आमदार झाल्यास सगळ्या पोरांची लग्नं लावून देऊ, असं आश्वासन दिलं. नवऱ्या कुठून आणणार, हे ८०७ च्या जिल्ह्यात त्यांनी सांगितलं नाही. ते एक लाख चाळीस हजारांवर मतांनी पडले, त्यामुळे पुरवठ्याचा प्रश्न उद्भवला नाही.

मग उरतो तो ‘ग्रामीण ढंगा’चा बचाव. खेड्यात अशीच भाषा असते, तुम्हा शहरी पांढरपेशांना सोसत नाही, तमाशाचा महाराष्ट्र आहे हा, वगैरे. तमाशाचं नाव काढलंच आहे तर नीट काढा. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांचा हवालदार चावट बोलायचा, दुहेरी अर्थ तर पावलोपावली, पण त्या वगात टोपी उडते ती राजाची, त्याच्या दरबाराची, वशिल्याच्या नेमणुकीची. सोंगाड्या खालून वर बोलतो, म्हणून त्याला सगळं माफ. आमच्या सभांत राजाच सोंगाड्याचं सोंग घेऊन रयतेच्या लेकीबाळींवर बोलतो आणि हवालदार बंदोबस्ताला उभा असतो. याला लोककला म्हणणं हा तमाशा कलावंतांवर अन्याय आहे. त्यांना मानधनासाठी खेटे घालावे लागतात, पुढाऱ्यांना भत्ता घरपोच येतो. खेड्यातल्या बाया आपसात यापेक्षा तिखट बोलतात, हेही खरं. त्या माइकवर आमदार म्हणून बोलत नाहीत आणि त्यांच्याकडे सोयाबीनच्या भावाचं उत्तर कोणी मागत नाही, एवढाच फरक.

‘सगळ्याच पक्षांत आहेत’ हा बचाव मी मान्य करतो. वर दिलेल्या नावांतच त्याचा पुरावा आहे. दिलगिरीचं म्हणाल तर तिचाही साचा ठरलाय: ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’. त्या ‘तर’मध्ये सगळं संशयाच्या फायद्यात सुटतं, आणि मूळ प्रश्न तसाच राहतो, कारण माफी विनोदाची मागितली जाते, न दिलेल्या उत्तराची नाही. मतपेटी शिक्षा करते म्हणावं तर तिचाही भरवसा नाही. भुयार २०२४ मध्ये हरले. दानवे तुरीनंतर २०१९ मध्ये तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकले आणि २०२४ मध्ये पडले. त्यातून नियम काढणारा ज्योतिषी मला माहीत नाही.

म्हणून टेंभुर्णीकरांना एक विनंती. पुढच्या सभेत साहेब पोरींवर घसरले आणि हसू आलंच तर हसून घ्या, त्याला बंदी नाही. हशा ओसरला की मात्र कोणीतरी उठून विचारा की यंदा खरेदी केंद्र कधी उघडणार आणि ओलावा किती टक्के धरणार. माइक मिळाला नाही तर चिठ्ठी पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत सतरंजीवरून उठू नका.