बाकावरची वहिवाट

शाळेतल्या बाकावर विद्यार्थ्याचा जो हक्क असतो तो मालकीचा नसून निव्वळ वहिवाटीचा असतो, हे तत्त्व कुठल्याही संहितेत नमूद नसले तरी आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला ते पहिलीतच अवगत झालेले असे. जून महिन्यात उंचीप्रमाणे एकदा जागा मुक्रर झाली, की त्या जागेवरचा वर आलेला खिळा, दौतीसाठी पाडलेले आणि दौती नामशेष झाल्यावर पेन्सिलीची सालपटे कोंबण्याच्या कामी आलेले गोल भोक, आणि पूर्वीच्या कब्जेदाराने कर्कटकाच्या टोकाने कोरून ठेवलेली आद्याक्षरे, ही सारी चीजवस्तू एप्रिलपर्यंत आमच्या नावे चढे. फेरफार व्हायचा तो केवळ गुरुजींच्या हुकमाने, आणि तोही बहुधा बडबडीच्या अपराधाबद्दल. जागा बदलण्याचे आणखी दोन मार्ग होते, एक बाकावर उभे राहणे आणि दुसरा वर्गाबाहेर उभे राहणे. परंतु त्यांत बसण्याचा अंशच नसल्यामुळे त्यांची गणना आसनव्यवस्थेत करणे शास्त्राला धरून होणार नाही.

डोंबिवलीतल्या ज्या शाळेत माझा नातू दुसरीत शिकतो, तिने यंदा ही सारी वहिवाट एका परिपत्रकान्वये खालसा केली. वर्गात यापुढे ‘फ्लेक्झिबल सीटिंग’ राहील. बाक जाऊन त्यांच्या जागी बीन बॅगा, डुलणारी स्टुले, गाद्या, बुटकी मेजे आणि उभ्याने लिहिण्यासाठी एक उंच मेज येईल. मुलाने रोज आपल्या मनास रुचेल ते आसन निवडावे, आणि या स्वातंत्र्यापोटी पालकांनी फीबरोबर एक जादा रक्कम भरावी, असा त्यातला मजकूर होता. ही कल्पना परदेशातून आली आहे, असे मुख्याध्यापिकाबाईंनी पालकसभेत सांगताच सभेवर व्हायचा तो परिणाम झाला. एका गृहस्थांनी मात्र, “मॅडम, खिडकीजवळची जागा पाळीपाळीने मिळणार ना?” असा सवाल टाकला, त्यावरून हे सकाळच्या फास्ट लोकलचे गृहस्थ, हे ताडायला फार बुद्धी खर्चावी लागली नाही.

कल्पना परदेशची खरी, पण तिला येऊन बराच काळ लोटला. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी यांनी बालगृह उघडले, ते जखडलेल्या बाकांना रजा देऊन आणि मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी मेजे-खुर्च्या करवून घेऊन. खुर्च्या पडतील, आवाज होईल, अशी हरकत निघाली तेव्हा तो आवाजच मुलाला त्याची चूक दाखवील, असा बाईंचा जबाब होता. (आमच्या इमारतीत, खालच्या मजल्यावरच्या काकूंपुढे, हा जबाब टिकला नसता.)

याहूनही धाडसाचा प्रयोग आमच्याच ठाणे जिल्ह्यात झाला. निदान तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून तो मुलूख पालघरच्या दप्तरी गेला. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि वस्तीतली मुले बालवाडीकडे फिरकत नाहीत असे दिसताच या बायांनी मुलांना बोलावणे न धाडता बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी, शाळा थेट कुरणात भरू लागली. तिथे फर्निचरखाती काय खर्च पडला असेल याचा अदमास वाचकांनी करावा. आसन निवडण्याची मुभा मात्र क्षितिजापर्यंत होती, आणि बसण्यापूर्वी शेण पाहून घ्यावे याखेरीज दुसरा निर्बंध असण्याचे कारण नव्हते.

तरीही आमच्या शाळेची मी केवळ थट्टाच करणार नाही. सात वर्षांचे पोर पाच तास एका फळीवर निश्चल बसावे ही अपेक्षा मुळात हजेरी घेणाऱ्याच्या सोयीतून जन्मली असावी, असा माझा जुना संशय आहे. माझे आश्चर्य एवढेच, की ही विद्या पैसे मोजून विकत घेण्याची वेळ डोंबिवलीवर यावी! लोकलच्या डब्यात तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने अर्धी मांडी टेकण्याची सोय, बसलेल्याला नुसते “कुठे?” असे विचारून त्याच्या जागेचा वारसा नोंदवून ठेवण्याचा शिरस्ता, आणि निम्मी वाट सरली की बसलेल्यांनी उठून उभ्यांना बसवण्याची ग्रुपांतली उदार वहिवाट, हे सारे ज्यांनी कुठल्याही परिपत्रकाविना सिद्ध केले त्यांच्या संततीला लवचीक आसन कोणी शिकवायचे?

परवा नातवाकडून प्रत्यक्ष हकीगत काढून घेतली. लाल बीन बॅग वर्गात एकच आहे. पहिले काही दिवस तिच्यापायी झटापटी झाल्या, आता मधल्या सुट्टीपर्यंत एकजण बसतो आणि पुढे दुसरा, आणि दुसऱ्याने सकाळी दारातूनच “तू कधी उठणार?” असे विचारून ठेवायचे असते. तिघांच्या गादीवर चौघे बसतात. कोणी लठ्ठ मुलगा आला तर “आत सरक रे” म्हणतात.

“आणि तुमच्या बाई कुठे बसतात?” मी विचारले.

“बाई उभ्याच असतात,” नातू म्हणाला. “त्यांची खुर्ची नेली ना, बाकांबरोबर.”