नीतीची ६४ पानं

हल्ली प्रत्येक कंपनीला मूल्यं लागतात आणि ती बहुधा लोणावळ्याच्या रिसॉर्टवर सापडतात. सल्लागार येतो, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्या जातात आणि जेवणाची घंटा व्हायच्या आत पाच मूल्यं तयार! त्यात सचोटी हवीच. नसली तर लोक उगाच चौकशी करतात.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीकडेही ती होती. आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. जुलै २००० मध्ये कंपनीने ६४ पानांची नीतिसंहिता काढली, वर अध्यक्ष केनेथ ले यांची प्रस्तावना. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात दिवाळं. हिशेबातल्या लबाड्या बाहेर आल्या आणि जग म्हणे थक्क झालं.

गुहागरकर थक्क झाले असतील असं वाटत नाही. एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प त्यांच्याच तालुक्यात उभा राहिला. विरोध करणाऱ्यांच्या वाट्याला लाठ्या आणि अटका आल्या. प्रकल्पावरच्या पोलीस बंदोबस्ताचे पैसे कंपनी मोजत होती, हे ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात नोंदवून ठेवलंय. संवादाची ही तऱ्हा! पुढे तिथली वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने करारच झुगारला. कंपनीची ओळख काय, हे वेलदूर-अंजनवेलच्या माणसाला ६४ पानं न उघडता सांगता आलं असतं. (उघडली तरी इंग्रजीतच होती.)

आता १९५९ चं गिरगाव बघा. सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. तेच आजचं लिज्जत. तिथे काम करते ती ‘बहीण’, आणि ती संस्थेची मालकीणही. नफा वाटून घ्यायचा, तोटाही. देणगी कुणाकडून घ्यायची नाही. ‘कर्मचारी हीच आमची खरी संपत्ती’ असं फलकावर लिहून मार्चमध्ये तीच संपत्ती कमी करणाऱ्यांना हे जरा जड जाईल.

सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत. एक चांगली, दुसरी जरा डावी, पण स्वस्त. पैसे उसने देणाऱ्या छगनलाल पारेखांनी सांगितलं, दुसरी प्रत बंद करा. केली. स्वस्तातल्या मालाची काही गिऱ्हाइकं तेव्हा तुटलीही असतील. तुटू दिली.